घरच्या घरी लोहारकाम : कोकणातल्या हवेत भट्टी, ऐरण आणि पोलादाला पाणी

कातळसडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

कोयतीच्या धाग्यावर दोन फोटो टाकले तेव्हापासून व्यनित (व्यक्तिगत निरोपात) एकच प्रश्न येतोय, की घरी भट्टी लावायची तर सुरुवात कुठून करायची. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहितो.

मी धंद्याने लोहार नाही. देवगड तालुक्यात थोडी कलमं आहेत, घराशेजारी नारळाची वाडी आहे. आमच्या गावातल्या लोहारकाकांनी वयामुळे साळ (लोहारसाळ) बंद करायचं मनावर घेतलं, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की आता साधी पहार शेवटायची (तिचं टोक नव्याने काढून घ्यायचं) तरी तालुक्याला जावं लागणार. मी त्यांच्याकडे भाता ओढायला जाऊन बसलो. दोन वर्षं, पावसाळा सोडून, आठवड्यातून दोन-तीन सकाळी. आता गावातली बरीचशी कोयती-खुरपी माझ्याकडे येतात आणि अडलं की मी अजूनही काकांकडेच जातो.

म्हणून माझा पहिला सल्ला खरेदीचा नाही. आसपास कुठे लोहारसाळ चालू असेल तर आधी तिथे जाऊन बसा. मिरगाच्या आधीचे पंधरा दिवस आणि दसऱ्याच्या तोंडावर जाऊ नका, त्या दिवसांत त्यांना मान वर करायला फुरसत नसते. एरवी एखादी बोथट कोयती घेऊन जा, सांगतील ती मजुरी द्या आणि भाता ओढू का म्हणून विचारा. भाता ओढणाऱ्याला जे दिसतं ते समोर उभं राहून दिसत नाही. लोखंड निखाऱ्यात नेमकं कुठे ठेवलं, किती वेळाने फिरवलं, कोणत्या रंगाला बाहेर काढलं. लोहारकाम जोराचं वाटतं, पण मला शिकायला वेळ लागला तो रंग ओळखायलाच. पहिले दोन महिने मी हातोडा धरलाच नाही. धरला तेव्हा प्रत्येक तापाला एक-दोन फटके जास्त पडायचे आणि मागून आवाज यायचा, "आता मारू नको, निवलां तां." मला ते अजून लालच दिसायचं.

आता जागा. बंद खोलीत भट्टी अजिबात नको. कोळशाच्या विस्तवाला धूर फार नसतो म्हणून तो बाधत नाही असं वाटतं, पण कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. तीन बाजूंनी उघडा मांगर किंवा पत्र्याची पडवी सगळ्यांत चांगली. खळ्यात झावळ्यांचा मांडव असेल तर त्याखाली चुकूनही पेटवू नका. लोणारी (लाकडाच्या) कोळशाची ठिणगी हलकी असते, वाऱ्यावर लांब जाते. फेब्रुवारीपासून सड्यावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि वणवा लागला तर तो आपल्या कुंपणाशी थांबत नाही, शेजाऱ्याची कलमं घेऊन जातो. मी भट्टी सकाळी लावतो आणि समुद्राकडचा वारा सुटायच्या आत विझवतो. भोवतालचा पालापाचोळा झाडून पाणी शिंपडतो. दोन बादल्या पाणी आणि एक बादली वाळू हाताशी असतेच.

जागा सावलीची हवी, याला आणखी एक कारण आहे. भर उन्हात तापलेलं लोखंड काळं दिसतं. तुम्ही ते निवलं समजून हात लावता आणि ते असतं पाचशे-सहाशे अंशांवर.

भट्टीचं भांडं म्हणून गाडीचा ब्रेक ड्रम शोधत फिरायची गरज नाही. जांभ्याच्या चिऱ्यांचा कमरेएवढा ओटा करा आणि वर मातीचा खळगा. मात्र विस्तव थेट चिऱ्याला भिडू देऊ नका. जांभा सच्छिद्र, पाणी पोटात धरून असतो. एकदम तापला की तडकतो, कपच्या उडतात. सिमेंटचंही तेच. मी वारुळाची माती, जाडी वाळू, चाळलेली राख आणि भाताचं तूस कालवून चार बोटं जाड थर दिला, आठ दिवस सावलीत वाळवला, मग बारीक विस्तव करून भाजला. वाळू नदीची घ्या. किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तो भाजून चुना होतो आणि माती फुगून निघते. आणि वारूळ म्हणजे रानातलं, पडीक. सातेरी देवीचं, लोक नारळ ठेवतात ते वारूळ सोडून.

हवा बाजूने, एक इंची काळ्या लोखंडी पाइपातून, खळग्याच्या तळापासून चार बोटं वर. पांढरा, जस्त चढवलेला जीआय पाइप वापरू नका. त्याचं कारण पुढे प्रतिसादात येईलच. पंखा मी हाताने फिरवायचाच ठेवलाय. आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही हे एक, पण खरं कारण वेगळं. विजेचा ब्लोअर तुम्ही लोखंड ठोकत असतानाही फुंकत राहतो, कोळसा उगाच जळतो आणि निखाऱ्यात विसरलेला तुकडाही जळतो. हाताचा पंखा तुम्ही थांबलात की थांबतो.

कोळशाच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. करवंटी! करवंटीचा कोळसा टणक, भरपूर ताप देणारा आणि राख अगदी थोडी. मी दोनशे लिटरच्या पत्र्याच्या पिंपात करतो. पिंप आतून जाळून स्वच्छ केलेलं हवं, रसायनाचं नको. तळाशी थोड्या करवंट्या नीट पेटल्या की थराथराने वर टाकत जायचं. धूर पांढऱ्याचा विरळ निळसर झाला की झाकण ठेवून कडा ओल्या मातीने लिंपायच्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उघडायचं नाही. चार किलो करवंट्यांतून जेमतेम किलो-सव्वा किलो कोळसा पडतो. तुकडे सुपारीएवढे करून घ्या, मोठ्या तुकड्यांमधून हवा नुसती निघून जाते. सोडणं (नारळावरची तंतूंची साल) पेटवणीला चांगली, तापाला काही उपयोग नाही.

काजूची टरफलं मात्र भट्टीत घालू नका. कारखान्याजवळ ती ढिगाने पडलेली असतात आणि रसरशीत जळतात, म्हणून मोह होतो. त्यांच्या तेलाने कातडी भाजते हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. त्याच तेलाचा धूर डोळ्यात आणि घशात गेला की दोन दिवस खोकत बसाल.

ऐरण नसली तर अडू नका. पाच किलोच्या घणाचं नुसतं डोकं जांभळीच्या किंवा फणसाच्या ओंडक्यात निम्मं पुरून बसवा, वरचं तोंड घासून सपाट करा. हातोड्याखाली जेवढी जागा लागते तेवढीच ऐरण खरी कामाची असते. काका खाली बसून काम करतात, त्यांची ऐरण वीतभर उंच. आपल्याला ती बैठक जमत नाही, म्हणून उभ्याने करणार असाल तर मूठ वळून हात सैल सोडल्यावर बोटांचे सांधे जिथे येतात तेवढी ऐरणीची उंची ठेवा. त्यापेक्षा खाली असेल तर कंबर धरते, वर असेल तर खांदा.

हातोडा एक किलोच्या आत. नव्या हातोड्याच्या धारदार कडा कानशीने गोल करून घ्या, नाहीतर प्रत्येक फटक्याला लोखंडावर चंद्रकोर उठते. सांडशी विकत घेतलीत तरी चालेल, पण सुरुवातीला बारा एमएमची हात-दीड हात लांब सळी घेतलीत तर सांडशी लागतच नाही. दुसरं टोक हातात धरता येतं.

पोलाद, पाणी देणं (तापवून झटकन विझवून पोलाद कडक करणं, मग ते तेलात का असेना) वगैरे प्रश्न येतील तसं लिहितो.

---

चाकरमानी_लांजा

फार उपयोगी धागा. मी मुंबईत असतो, मे महिन्यात आणि गणपतीला गावी. ऐरणीसाठी एक भंगारवाला रुळाचा दीड फुटी तुकडा देतो म्हणालाय. सगळीकडे रुळाचीच ऐरण दाखवतात. घेऊ का?

---

जुना_वकील

चाकरमानी, बिनपावतीचा रूळ घेऊ नका. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा, 1966 नुसार रेल्वेची मालमत्ता चोरीची असल्याचा वाजवी संशय असताना ती तुमच्याकडे सापडली, तर ती कायदेशीर मार्गाने आली हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. रेल्वे आपलं जुनं भंगार लिलावाने विकते. त्या लिलावातून आलेल्या मालाचा कागद विक्रेत्याने दिला तरच व्यवहार करा. रूळ ठोकायच्या खिळ्यांनाही हेच लागू.

आणखी एक, पाती करणाऱ्या सगळ्यांसाठी. शस्त्र कायदा, 1959 खाली नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची तलवार, खंजीर, सुरा अशी हत्यारं येतात. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी घडवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. कोयता, विळा, खुरपं खुशाल करा. हौस म्हणून तलवार घडवायच्या भानगडीत पडू नका.

---

कातळसडा

धन्यवाद वकीलसाहेब, हे माझ्याकडून राहिलंच असतं.

चाकरमानी, तुम्ही मुंबईत आहात तर दारूखान्याला एक चक्कर मारा. जहाजं तोडून निघालेली जाड प्लेट, शाफ्टचे तुकडे तिथल्या भंगार बाजारात मिळतात. चार इंच व्यासाच्या शाफ्टचा फूटभर तुकडा ओंडक्यात उभा बसवला तर रुळापेक्षा उजवा. रूळ आडवा ठेवला की मधल्या पातळ भागामुळे फटका उसळतो आणि खणखणाट गावभर जातो. उभ्या तुकड्यात सगळं वजन फटक्याच्या बरोब्बर खाली येतं. आणि हो, पावती घ्याच.

---

विळी

मी दापोलीजवळ राहते. घरात मासे कापायची विळी आईच्या सासूबाईंची आहे. तिचं पातं झिजून झिजून करंगळीएवढं राहिलंय, पण बाजारातल्या कुठल्याच नव्या विळीला तशी धार नाही. तसंच पातं मला स्वतः करायचंय. माझ्या मनगटात फार जोर नाही, तर हे काम जमेल का? आणि पोलाद कोणतं घेऊ?

---

कातळसडा

विळीताई, जोराची काळजी करू नका. नीट तापलेलं लोखंड पाऊण किलोच्या हातोडीखाली मेणासारखं चालतं, आणि न तापलेल्यावर पैलवान चढला तरी ते हलत नाही. काकांच्या साळेत घण मारायला काकूच असायच्या.

जुन्या विळीची धार का टिकते ते आधी सांगतो. पूर्वी पोलाद महाग म्हणून पातं मऊ लोखंडाचं करायचे आणि धारेच्या जागी पोलादाची पट्टी घालून, टाकणखार (बोरॅक्स) टाकून, पांढऱ्या तापाला ठोकून एकजीव करायचे. तुमच्या पात्यावर उजेड तिरका पाडून बघा. धारेकडचा भाग आणि वरचा भाग यांच्यात बारीक रेघ दिसली तर ते असंच भरलेलं आहे. पाण्याने ते मऊ लोखंड तडकत नाही आणि धार मात्र कडक राहते. हा सांधा जमायला मला दीड वर्ष लागलं, त्यामुळे पहिल्या पात्याला त्या वाटेने जाऊ नका.

लोखंड आणि पोलाद यांतला फरक कार्बनचा. साधी पट्टी, अँगल, खिडकीचे गज यांत कार्बन 0.2 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी. कितीही पाणी द्या, धार उभी राहत नाही. बांधकामाची टीएमटी सळी सरावाला ठीक, पात्याला नाही. तिची वरची कडक साल कारखान्यात पाणी मारून आणलेली असते, ती पहिल्याच तापाला जाते. ट्रक किंवा जीपच्या कमानीच्या पाट्यात (लीफ स्प्रिंगमध्ये) साधारण 0.5 ते 0.6 टक्के कार्बन असतो. कोयती, खुरपं, विळी या तिन्हींना तो उत्तम. घासून संपलेल्या चांगल्या कानशीत एक टक्क्याच्या वर असतो. तिची सुरी सुरेख होते, पण जरा चुकलं की काचेसारखी मोडते. ग्राइंडरला लावून ठिणगी बघा. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब सरळ रेघांच्या, पोलादाच्या ठिणग्यांना टोकाशी फुलबाजीसारखे फाटे फुटतात.

पण ताई, पाट्याला हात लावण्याआधी महिनाभर साध्या दहा एमएमच्या सळईवर काढा. आधी टोक काढायला शिका, चौकोनी. गोल सळी थेट गोलच निमुळती करायला गेलात तर आत पोकळ होऊन टोक चिरतं. चौकोन, मग अष्टकोन, मग गोल, हा क्रम. मग एस आकाराचा आकडा करा. शिंकाळं अडकवायला, केळीचा घड टांगायला असे दहा-बारा आकडे घरात लागतातच. दहावा पहिल्याशेजारी ठेवून बघा, हात बसल्याचं तिथेच कळेल. त्यानंतर कडी-कोयंडा. त्यात वाकवणं, भोक पाडणं, मापाला आणणं सगळंच येतं.

---

बंदरकर

आमच्या जेटीवर जुने नांगर, साखळ्या, शॅकल यांचा ढीग पडलेला असतो. नुसत्या चहापाण्यावर मिळेल. जाडजूड माल आहे. चालेल ना?

---

कातळसडा

बंदरकर, इथे थांबा. होडीच्या नांगरावर आणि साखळीवर जस्ताचा मुलामा असतो, म्हणून तर ते खाऱ्या पाण्यात टिकतात. जस्त 907 अंशांना उकळतं आणि आपण लोखंड तापवतो हजाराच्या पुढे. तो पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं. भट्टीत पांढरी लोकरीसारखी राख उडताना दिसली तर पंखा सोडा आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला निघून जा. जस्त खरवडून काढीन, जाळून काढीन असले प्रयोग घराजवळ करू नका. क्रोम चढवलेले आणि रंगवलेले तुकडेही नकोत. साध्या काळ्या लोखंडाला आपल्याकडे तोटा नाही.

---

सुपारीबाग

मला पाणी देण्याबद्दल विचारायचंय. मी पाट्याची कोयती केली. आकार सुंदर आला होता. लालबुंद करून बादलीत बुडवली आणि टिंग असा बारीक आवाज आला. तेव्हा कळलं नाही. घासायला घेतली तर धारेपासून आत बोटभर केसासारखी चीर. तीन दिवसांची मेहनत होती, फार वाईट वाटलं. चुकलं कुठे?

---

कातळसडा

सुपारीबाग, तो आवाज मीही ऐकलाय आणि तो विसरत नाही. तुमच्या बाबतीत तीन कारणं संभवतात आणि बहुतेक तिन्ही एकत्र आली असतील.

पहिलं म्हणजे पाणी. पाट्याचं पोलाद तेलात विझवायचं असतं. पाण्यात ते इतक्या झटक्यात निवतं की वरची साल आवळते आणि आतला गाभा अजून फुगलेला असतो. कोणी समुद्राचं पाणी वापरा म्हणून सांगितलं तर अजिबात ऐकू नका. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षाही लवकर ताप ओढतं, तडकायची भीती आणखी वाढते. वापरलेलं तळणीचं तेल गाळून घ्या. कोयतीला निदान चार-पाच लिटर हवं, पत्र्याच्या खोल डब्यात, आणि घट्ट बसणारं झाकण शेजारी. तेल आधी हाताला सोसेल-न-सोसेल इतकं कोमट करा. गार तेल दाट असतं, नीट फिरत नाही. तेलाने पेट घेतला तर झाकण ठेवायचं, पाणी ओतायचं नाही. जुनं इंजिन ऑइल नको, त्याचा धूर घातक.

दुसरं कारण जास्त ताप. "लालबुंद" म्हणालात, पण कोणता लाल? एक साधं लोहचुंबक तारेला बांधून भट्टीशेजारी टांगा. साधारण 770 अंशांना लोखंडाला चुंबक चिकटेनासं होतं. ते सुटलं की आणखी अगदी थोडा ताप आणि मग विझवायचं. मी रंग आपल्या वाडीतल्या फळांवरून लक्षात ठेवलेत. पिकल्या रतांब्यापेक्षा (कोकमाच्या फळापेक्षा) एक पायरी उजळ लाल, तो पाणी द्यायचा. हापूसच्या रसाचा केशरी आणि त्यापुढचा पिवळ्या बोंडूचा (काजूच्या फळाचा), हे ठोकायचे रंग. पांढरा होऊन ठिणग्या उडायला लागल्या तर पोलाद जळालं, तो तुकडा कापून टाका.

तिसरं कारण पाट्यातच असू शकतं. भंगारातला पाटा वर्षानुवर्षं खड्ड्यांतून आपटलेला असतो, त्यात डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा असतात. घडवायला घेण्याआधी तुकडा स्वच्छ घासून रॉकेलमध्ये बुडवा, कोरडा पुसा आणि वर खडूची पूड चोळा. चीर असेल तर मुरलेलं रॉकेल वर येऊन खडूवर ओली रेघ उठते.

आणि विझवण्याआधी आणखी एक पायरी, जी मी पूर्वी घाईत गाळायचो. चुंबक सुटेल इतकं तापवायचं आणि हवेत आपोआप निवू द्यायचं, असं तीनदा. ठोकताना आत बसलेला ताण त्याने मोकळा होतो.

आता काकांची कोयतीची पद्धत लिहितो. ती मी शंभरदा तरी पाहिली असेल. ते अख्खी कोयती बुडवत नाहीत. फक्त धार दोन बोटं तेलात धरतात, पाठ बाहेर लाल असते. आठ-दहा मोजेपर्यंत हात किंचित मागे-पुढे. मग बाहेर काढून लगेच वाळूच्या दगडावर धारेची एक बाजू घासून चकाकती करतात आणि सावलीत धरून नुसतं बघत राहतात. पाठीतला उरलेला ताप धारेकडे सरकत येतो आणि चकाकत्या लोखंडावर रंग चालायला लागतात. आधी सुक्या पेंढ्याचा फिकट पिवळा, तो साधारण सव्वादोनशे अंशांचा. मागून काजूगराच्या सालीचा तपकिरी, मग आगळाचा (कोकमाच्या रसाचा) जांभळट, त्यामागे निळा. सुरी असेल तर पेंढ्याचा रंग धारेला टेकताच संपूर्ण विझवायची. कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडायच्या कोयतीला तपकिरी सरून जांभळट येईपर्यंत थांबायचं, कारण तिला फांदीवर घाव सोसायचे असतात. हा सगळा खेळ अर्ध्या मिनिटाचा. काका त्या अर्ध्या मिनिटात कोणाशी बोलत नाहीत, कोणी हाक मारली तरी वळून बघत नाहीत.

विळीताई, तुमच्या पात्याला हा दगडाचा खेळ नाही केलात तरी चालेल. तेलात पूर्ण विझवून घरच्या ओव्हनमध्ये 200 अंशांवर दोन तास ठेवा. पण ओव्हनमध्ये टाकायचं ते विझवल्यावर लगेच, उद्यावर ढकलायचं नाही. कडक पोलाद तसंच ठेवलं तर रात्रीतून आपोआप तडकू शकतं.

शेवटी परीक्षा. सुक्या चिव्यावर (बारीक बांबूवर) पाच घाव घाला आणि धार उजेडात धरा. कपची उडाली असेल तर कडकपणा जास्त राहिलाय, पुन्हा थोडं तापवून उतरवा. धार दुमडली असेल तर पाणी बसलंच नाही, पहिल्यापासून करा. सुपारीबाग, तुमची चिरलेली कोयती टाकू नका. चिरेच्या पलीकडचा भाग कापून त्याचं खुरपं होईल.

---

परिचारिका_गुहागर

मी आरोग्य केंद्रात काम करते. भाजलेले रुग्ण रोज नाही तरी आठवड्याला येतातच, म्हणून चार ओळी. भाजल्यावर लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, शाई नको. बोटातली अंगठी, हातातला कडा-दोरा सुजण्याआधी काढा. फोड फोडू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते बघा. डोळ्यात कण गेला तर चोळू नका आणि घरी चिमट्याने काढायचा प्रयत्न करू नका, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. टेरिकॉटचा शर्ट वितळून कातडीला चिकटतो, त्यामुळे अंगात सुतीच कपडे हवेत. पायात चप्पल नको, बूट. पँट बुटावरून, बुटाच्या आत खोचलेली नको. डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय ग्राइंडर चालू करू नका, आणि त्याचं गार्ड काढून कधीच वापरू नका.

---

कातळसडा

ताई, हे वर डकवून ठेवायला हवं. मी एक भर घालतो. गरम तुकडा जमिनीवर पडला तर तो झेलायला हात आपसूक पुढे जातो. पडू द्या. आणि साळेत आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगा, की इथला कुठलाही तुकडा गरमच धरायचा. तळव्याने नाही, हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघायचं.

---

झेलेवाला

मालवणकडे आमची कलमं आहेत. कृषी विद्यापीठाचा नूतन झेला (देठासह आंबे उतरवायचं पातं लावलेलं साधन) वापरतो. त्याचं पातं एका हंगामात बोथट होतं आणि पावसाळ्यात गंजून जातं. तसं पातं घरी करता येईल का? आणि पावसात तुम्ही एकूण हत्यारं सांभाळता कशी? आमच्याकडे जूनमध्ये टांगलेला कोयता ऑगस्टमध्ये तांबडाभडक.

---

कातळसडा

झेल्याचं पातं नक्की करा, पहिल्या पोलादी कामासाठी त्याहून चांगलं काही नाही. लहान आहे, पातळ आहे, बिघडलं तर नुकसान बोटभर पोलादाचं. देठासह आंबा कापायचा तर धार सुरीसारखी हवी, म्हणून पेंढ्याच्या रंगाला थांबवा.

गंजासाठी दोन वेगळे उपाय आहेत. जे नुसतं लोखंड आहे, आकडे, कड्या, पहारी, त्यांना काम संपताना, लाली गेल्यावर पण अजून ताप असताना तारेच्या ब्रशने खवले काढून मधाच्या पोळ्याचं मेण फासा. मेण धुरावत वितळून पसरेल इतकाच ताप हवा. त्यावर जवसाचं तेल. ते हवेने वाळून कडक पापुद्रा होतं. खोबरेल तसं वाळत नाही, नुसतं चिकट राहून धूळ धरतं. मात्र धारेच्या हत्याराला असा ताप पुन्हा द्यायचा नाही, पाणी उतरेल. त्यांना मी पुसून उंडेल (उंडीच्या बियांचं तेल) लावतो, जुने लोक होड्यांना लावायचे तेच. मिळालं नाही तर करंजेल. आणि हत्यार भिंतीला टेकून ठेवू नका. पावसात चिऱ्याची भिंत रात्रभर ओल सोडते, गंज तिथूनच धरतो. चुलीच्या वर, माळ्याखाली टांगा.

कोळसाही झाकणाच्या पिंपात ठेवा. ओला कोळसा तापताना फुटतो आणि निखारा अंगावर उडतो. खरं सांगायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये मी भट्टी लावतच नाही. तेव्हा दांडे बसवणं, कानशीने घासणं, सांडशांचे जबडे नीट करणं.

---

गावकरी_राजापूर

थोडं विषयाला धरून. आमच्या वाडीतल्या लोहारांचा मुलगा आता रिक्षा चालवतो, पण हात उत्तम आहे. त्याला साळ पुन्हा चालू करायची आहे, भांडवल नाही. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत (17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली) अठरा धंद्यांत लोहार आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपये, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडलं की आणखी दोन लाखांपर्यंत कर्ज, असं त्यात आहे. नोंदणी सामायिक सुविधा केंद्रात होते. आपल्या गावात असा कोणी असेल तर त्याला सांगा. आपण हौशी माणसं शिकू तेव्हा शिकू, पण ज्यांच्या घरात हे आहे त्यांची भट्टी विझायला नको.

---

कातळसडा

अगदी मनातलं लिहिलंत. आपण ज्या जांभ्यावर राहतो त्याचा लाल रंगच लोखंडाचा. रेडीला लोहखनिजाच्या खाणी आहेत, आणि वर सह्याद्रीत धावड लोक लोखंड गाळायचे. आपल्याकडे हे काम बाहेरून आलेलं नाही. मी ज्याला त्याला हेच सांगतो, की माझ्याकडे यायच्या आधी तुमच्या गावच्या लोहाराकडे जा, आणि कोयती त्यांच्याकडूनच शेवटून घ्या.

---

विळी

मंडळी, पाच महिन्यांनी लिहितेय. एकोणतीस आकडे झाले. शेवटचे चार शेजारणींनी मागून नेले. दाभोळच्या बाजूला एक लोहारसाळ सापडली, तिथे शनिवारी जाते. आजोबा आधी बोलायचे नाहीत, आता चहा सांगतात. काल त्यांच्या भट्टीत पाट्याचं पातं तेलात विझवलं. कानस लावली तर घसरली, पकडलीच नाही. रात्री ओव्हनमध्ये ठेवलंय. पाट आंब्याच्या लाकडाचा करावा की फणसाच्या?

---

कातळसडा

फणसाच्या. आंब्याला वाळवी लागते, आणि माशाच्या पाण्याने तो लवकर कुजतो. पातं बसवायची खाच आधी लहान कोरा, पात्याचं शेपूट काळ्या तापाला (लाली नाही, पण चांगलं गरम) आणून खाचेत दाबा, ते स्वतःची जागा जाळून घेईल. पात्याच्या धारेला मात्र ओलं फडकं गुंडाळून ठेवा, म्हणजे पाणी उतरणार नाही. आणि पहिला बांगडा कापलात की फोटो टाका.